विशीतल्या पोरांचा संघ

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटो शहरात हिवाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा बंगळूरच्या जयनगरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ झालेले असतात. दर्शिनीत इडली-वडा खाऊन, फिल्टर कॉफी घेऊन घरी यावं आणि एनबीएचा बास्केटबॉल सामना लावावा, इतका हा सोयीचा हिशेब आहे. २५ फेब्रुवारी २०२३ च्या शनिवारी सकाळी सॅक्रमेंटो किंग्ज लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सशी खेळत होते. मुख्य वेळेतली पाच मिनिटंही उरली नव्हती आणि किंग्ज १४ गुणांनी मागे होते. तिथून त्यांनी बरोबरी केली. जादा वेळ झाला, पुन्हा बरोबरी झाली, पुन्हा जादा वेळ दिला गेला आणि अखेर किंग्जने १७६-१७५ असा सामना मारला. एनबीएच्या इतिहासात दोन्ही संघांचे मिळून याहून जास्त गुण फक्त एकाच सामन्यात झाले आहेत, १९८३ साली. मलिक मंकने ४५ गुण केले, डिएरन फॉक्सने ४२. दोघंही पंचवीस वर्षांचे.

हा संघ २००६ नंतर एकदाही प्लेऑफ खेळला नव्हता. ओळीने सोळा हंगाम बाहेर राहण्याचा नकोसा विक्रम त्याच्या नावावर होता. एनबीएत एवढी वर्षं दुसरा कुठलाही संघ बाहेर राहिलेला नाही. आणि संघाची मालकी २०१३ पासून आपल्या मुंबईत जन्मलेल्या, जुहूला वाढलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाकडे होती. एनबीएतल्या संघाचा प्रमुख मालक झालेला भारतात जन्मलेला हा पहिला माणूस. तरुण खेळाडूंना मध्ये ठेवून व्यावसायिक संघ नव्याने कसा उभा करावा, आणि उभा राहिलेला कसा मोडू नये, या दोन्ही गोष्टी शिकायच्या तर सॅक्रमेंटोइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. माझं मत आधीच सांगून ठेवतो: गुणी पोरं हेरणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. हेरल्यावर चार-पाच वर्षं त्यांच्या आजूबाजूची माणसं जागची न हलवणं, हे खरं काम.

आयपीएल बघणाऱ्या मराठी वाचकाला एक फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. एनबीएत नव्या खेळाडूंचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. दर जूनमध्ये तीस संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. दोन फेऱ्या होतात, साधारण साठ जणांची निवड होते. क्रम उलटा असतो: ज्याची गेल्या हंगामात जास्त दुर्दशा, त्याची पाळी लवकर. पण मग पहिला नंबर मिळावा म्हणून संघ मुद्दाम हरू लागले. त्याला आळा बसावा म्हणून प्लेऑफला न पोचलेल्या चौदा संघांमध्ये सोडत काढतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पाळीची सारखीच, १४ टक्के, संधी असते. म्हणजे सगळ्यांत शेवटी राहूनही हाती पाचवा नंबर लागू शकतो.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार ठरलेला असतो. करार चार वर्षांचा. त्यातली शेवटची दोन वर्षं ठेवायची की नाही हे संघाने ठरवायचं. दुसरीकडे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. त्यामुळे चार वर्षं स्वस्तात खेळणारा तरुण खेळाडू खऱ्या गुणवत्तेचा निघाला, तर उरलेल्या पैशांत त्याच्या जोडीला जाणते खेळाडू आणता येतात. नव्या बांधणीचं सगळं अर्थशास्त्र या चार वर्षांत आहे. आणि मालकाची घालमेलही याच चार वर्षांत सुरू होते, कारण मुदत संपली की पोरगा महाग होतो किंवा निघून जातो.

रणदिवे बास्केटबॉलकडे आले ते मुलीमुळे. मुंबईहून अमेरिकेत एमआयटीला गेले, सॉफ्टवेअरमध्ये नाव काढलं, शेअर बाजारातली माहिती क्षणात पोचवणाऱ्या प्रणाली उभ्या केल्या, टिब्को ही कंपनी काढली. लेक अंजली बारा वर्षांची असताना तिच्या रेडवुड सिटीच्या संघाचं प्रशिक्षण त्यांनी अंगावर घेतलं. स्वतः कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. त्यांना एक गोष्ट खटकली: गुण झाला की संघ आपल्या अर्ध्यात मागे जातो आणि समोरच्याला चेंडू निवांत घेऊन येऊ देतो. हे असं का? चेंडू आत टाकायला पाच सेकंद आणि मध्यरेषा ओलांडायला दहा सेकंद एवढीच मुभा असते. रणदिव्यांच्या मुलींनी या दोन्ही वेळी समोरच्यांना घेरायला सुरुवात केली. नेमबाजी बेताची, उंची बेताची, पण सगळ्या कोर्टभर दाबून ठेवण्याच्या या डावावर तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ही कथा ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिली आणि पुढे आपल्या पुस्तकात घेतली, म्हणून ती जगभर पोचली.

कथा सुंदर आहे. पण बारा वर्षांच्या मुलींना चकवणारा वेग व्यावसायिक गार्डसमोर चालत नाही, कारण तो असा घेराव दोन पासमध्ये फोडतो. संघ चालवण्याच्या कामात तर वेग उलटा अंगावर येतो.

२०१३ मध्ये किंग्ज सिएटलला जाण्याच्या बेतात होते. सॅक्रमेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः एनबीएचे जुने खेळाडू, यांनी शहराच्या बाजूने खटपट केली. लीगच्या मालकमंडळाने स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळलं आणि रणदिव्यांच्या गटाने ५३ कोटी ४० लाख डॉलर एवढ्या मूल्यांकनाने संघाची बहुसंख्य मालकी घेतली. शहराला दिलेला शब्द त्यांनी पाळला. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी गोल्डन वन सेंटर हे नवं क्रीडागृह उभं राहिलं. सॅक्रमेंटोत संघ टिकला याचं श्रेय रणदिव्यांना द्यायलाच हवं, आणि तिथले प्रेक्षक ते देतातही.

खेळाच्या बाजूची गोष्ट वेगळी. माइक मलोन हे त्यांनी नेमलेले पहिले कोच. २०१४ च्या हंगामाची सुरुवात चांगली झाली, मग संघाचा आधार असलेला डिमार्कस कझिन्स मेंदूज्वराच्या आजाराने बाहेर बसला, संघ घसरला आणि ११ विजय, १३ पराभव या स्थितीत डिसेंबरात मलोन यांना काढून टाकलं. (याच मलोन यांनी २०२३ मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलं.) त्यांच्यानंतर टायरोन कॉर्बिन, मग जॉर्ज कार्ल, मग डेव्ह जोर्गर. या काळात विशीतल्या खेळाडूचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जने सातव्या क्रमांकावर वीस वर्षांचा एक नेमबाज गार्ड घेतला. चार हंगामांत त्याच्या वाट्याला चार कोच आले. एकाने त्याला कोपऱ्यात उभं राहून फटका मारायला सांगितला की दुसऱ्याला तो पळता हवा. एकाची बचावाची रीत अंगवळणी पडते न पडते तोच दुसऱ्याची सुरू. पस्तिशीतला खेळाडू यातून निभावून जातो, कारण त्याचा खेळ घडून झालेला असतो. विशीतल्या पोराचा तो घडतच असतो. चार वर्षांनी त्याला जाऊ दिलं आणि निवड चुकली असा शेरा मारला. निवड चुकलीच असेलही. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर यानिस अँटेटोकुम्पो मिलवॉकीकडे गेला, हे खरं. पण यानिस सॅक्रमेंटोत असता तर यानिस झाला असता का, याची मला दाट शंका आहे.

घाईची सर्वांत महाग किंमत २०१५ च्या उन्हाळ्यात मोजली गेली. अनुभवी खेळाडू विकत घेण्यासाठी पगारखर्चात जागा हवी होती, म्हणून किंग्जने तीन खेळाडू फिलाडेल्फियाला दिले आणि ते घेतल्याबद्दल वर भविष्यातला पहिल्या फेरीचा एक हक्क आणि दोन वर्षांच्या ड्राफ्टमध्ये क्रमांक बदलून घेण्याची मुभाही देऊन टाकली. त्या तिघांत वर्षभरापूर्वीच आठव्या क्रमांकावर निवडलेला निक स्टॉस्कस होता. पुढे २०१७ च्या सोडतीत सॅक्रमेंटोला तिसरा नंबर लागला, तो या मुभेमुळे फिलाडेल्फियाने घेतला आणि आपला पाचवा त्यांना दिला. तिसरा नंबर फिरत फिरत बोस्टनकडे गेला आणि त्यावर जेसन टेटम निवडला गेला. २०१९ चा पहिल्या फेरीचा हक्कही असाच बोस्टनला पोचला.

नशीब एवढंच की पाचव्या नंबरावर केंटकी विद्यापीठाचा डिएरन फॉक्स मिळाला. चेंडू हातात असताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला त्याच्याइतक्या वेगाने जाणारे लीगमध्ये मोजकेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत कझिन्सला न्यू ऑर्लिन्सला देऊन बडी हील्ड आणला होता. पोरांचा संघ असा जमू लागला आणि २०१८-१९ मध्ये ३९ विजयांपर्यंत गेला. मधल्या ड्राफ्टची चूक मात्र जिव्हारी लागणारी होती. दुसरा नंबर हातात असताना किंग्जने मार्विन बॅगली निवडला; तिसऱ्या नंबरावर निवडलेला लुका डॉन्चिच डॅलसला गेला आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. तरीही ३९ विजय हे तेरा वर्षांतलं सर्वांत चांगलं काम होतं. त्याबद्दल कोच जोर्गर यांना हंगाम संपताच निरोप मिळाला.

या संघाला महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिलं आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षागार शाळकरी मुलांनी भरलं होतं. पेसर्सने पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, दुसरा सहज. पेसर्सच्या त्या संघात लिथुआनियाचा डोमांटस सबोनिस हा धिप्पाड सेंटर होता. त्याच्यावाचून पुढची गोष्ट सांगता येत नाही.

२०२० मध्ये व्यवस्थापन बदललं आणि ह्यूस्टनहून माँटी मॅकनेअर जनरल मॅनेजर म्हणून आले. त्यांच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन मिळाला. फटका मारण्याची ढब विचित्र, म्हणून तो मागे राहिला होता. पण पास असा द्यायचा की सहकाऱ्याला आपण मोकळे आहोत हे चेंडू हातात आल्यावर कळावं. आता किंग्जकडे दोन तरुण चेंडूचालक झाले आणि दोघांनाही चेंडू हातात हवा.

८ फेब्रुवारी २०२२ ला मॅकनेअर यांनी बावीस वर्षंही पूर्ण न झालेला हॅलिबर्टन, सोबत हील्ड, पेसर्सला दिला आणि पंचवीस वर्षांचा सबोनिस आणला. हॅलिबर्टनला सॅक्रमेंटोतच राहायचं होतं. या निर्णयाने धक्का बसल्याचं तो पुढे उघडपणे बोलला. प्रेक्षक खवळले. नव्या बांधणीतला सर्वांत गुणी पोरगाच विकला तर बांधणी कसली, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मला हा व्यवहार तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. संघ तरुण ठेवायचा म्हणजे सगळे एकाच जागचे आणि एकाच वयाचे गोळा करायचे असं नाही. फॉक्सला अशा जोडीदाराची गरज होती जो चेंडू फार वेळ हातात न ठेवता खेळ चालवील. सबोनिस तीन गुणांच्या कमानीच्या माथ्यावर, टोपलीकडे पाठ करून उभा राहतो. फटकेबाज गार्ड त्याच्या खांद्याला घासून पळतो. सबोनिस चेंडू त्याच्या हातात ठेवतो आणि आपल्या अंगाने बचाववाल्याची वाट अडवतो. बचाववाला अडकला तर गार्डला मोकळा फटका मिळतो. दुसरा बचाववाला धावून आला तर सबोनिस वळून टोपलीखाली मोकळा. आणि चेंडू देण्याची नुसती हूल देऊन तो स्वतःच घुसला तर दोघंही फसले. हा एकच डाव किंग्जने संध्याकाळभर खेळावा आणि समोरच्यांना त्यावर उपाय सापडू नये, असं पुढच्या हंगामात झालं.

त्यासाठी लागणारे हातही त्याच उन्हाळ्यात आले: अटलांटाहून केव्हिन हर्टर, मुक्त बाजारातून मंक आणि ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर कीगन मरे. कोच म्हणून माइक ब्राउन आले. मरेने पहिल्याच हंगामात तीन गुणांचे २०६ फटके मारले. नवोदिताने एवढे कधी मारले नव्हते. संघाने ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरा आला आणि आक्रमणाच्या हिशेबात तोवरच्या एनबीए इतिहासातला सर्वोत्तम ठरला. ब्राउन एकमताने वर्षाचे कोच, मॅकनेअर वर्षाचे व्यवस्थापक, अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्यासाठी नव्याने ठेवलेला पुरस्कार फॉक्सला. सामना जिंकला की क्रीडागृहाच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सोडायचा, आणि गावभर लोकांनी तो बघायला बाहेर यायचं.

पहिल्या फेरीत गाठ पडली गोल्डन स्टेट वॉरियर्सशी. किंग्जच्या आधी रणदिवे याच संघाचे एक भागीदार होते. किंग्जने पहिले दोन सामने घेतले, मग फॉक्सच्या बोटाचं हाड मोडलं, आणि सातव्या सामन्यात स्टेफ करीने एकट्याने ५० गुण करून मालिका नेली. सोळा हंगाम बाहेर राहून पोचलेल्या तरुण संघासाठी ही हार लाजिरवाणी मुळीच नव्हती. इथे फक्त थांबायला हवं होतं.

पुढच्या हंगामात विजय ४८ वरून ४६ वर आले आणि प्लेऑफ हुकली. २०२४ च्या उन्हाळ्यात पस्तिशीला आलेला डिमार डिरोझन आणला. त्याच जूनमध्ये ब्राउन यांचा करार वाढवला होता. २७ डिसेंबरला, १३ विजय आणि १८ पराभव असताना, त्यांना काढलं. आकडे बघा, दहा वर्षांपूर्वीचा मलोन यांचा डिसेंबर जवळजवळ जशाच्या तसा. फॉक्सने सॅक्रमेंटोतल्या आठव्या हंगामात पाचवा कोच पाहिला आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला तो सॅन अँटोनियोला गेला. त्याच्या बदल्यात तिशीला टेकलेला झॅक लव्हीन आला. हंगामाअखेर मॅकनेअरही गेले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये एनबीएची अंतिम मालिका इंडियाना आणि ओक्लाहोमा सिटी यांच्यात झाली. इंडियानाला तिथवर नेणारा हॅलिबर्टन होता. सातव्या सामन्यात घोट्यामागची शीर तुटून तो कोसळला आणि ओक्लाहोमाने करंडक जिंकला, १९७७ नंतरचा सर्वांत तरुण विजेता म्हणून. त्यांचा मार्ग बघण्यासारखा आहे. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज हा तारा क्लिपर्सला देऊन त्यांनी वीस वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीच्या हक्कांचे गठ्ठे घेतले. २०२० मध्ये मार्क डेग्नॉल्ट या फारसं नाव नसलेल्या कोचला नेमलं. त्यांच्या पहिल्या हंगामात संघ २२ सामने जिंकला, दुसऱ्यात २४. सॅक्रमेंटोत असते तर दोनदा घरी गेले असते. व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी त्यांना हात लावला नाही. पुढचे आकडे ४०, ५७ आणि ६८. जॉर्जच्या बदल्यात मिळालेल्या हक्कांपैकी एकावर बाराव्या क्रमांकाने निवडलेला जेलन विल्यम्स अंतिम मालिकेत गिल्जस-अलेक्झांडरचा उजवा हात होता.

आता आपल्या दारातलं बघू. जयनगरहून ग्रीन लाइनने मॅजेस्टिक, तिथे पर्पल लाइन धरून कब्बन पार्क, की जवळच श्री कंठीरव इनडोअर स्टेडियम. २०१७ च्या जुलैत इथेच भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात पाऊल टाकलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. दोन वर्षांनी वरच्या गटाची स्पर्धाही कंठीरवलाच झाली आणि भारत आठव्या, म्हणजे शेवटच्या, स्थानावर राहिला.

आपल्याकडचा बास्केटबॉल जगला तो नोकरीवर. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, बंगळूरची विजया बँक. खेळाडू कोट्यातून लागतो, पगार पक्का, पेन्शनची काळजी नाही. या व्यवस्थेला नावं ठेवायला मी धजणार नाही; हजारो घरं तिने उभी केली. पण संघ नवा करायचा तर भरती निघावी लागते, आणि भरती खेळाच्या गरजेने निघत नाही. एकाच वेळी लागलेले बारा जण एकत्र तिशी ओलांडतात आणि एकोणीस वर्षांचा गुणी पोरगा जागा निघायची वाट बघत बसतो. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तेव्हा ती बँक गेली आणि तिच्या नावाचा संघही.

फ्रँचायझी लीगने ही कोंडी फुटेल असं वाटलं होतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये बंगळूरचा ‘बीस्ट’ होता, पुण्याचे ‘पेशवे’ होते. दोन-तीन वर्षांत ती लीग थांबली. २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल आली, तिच्यात ‘बंगळूर किंग्ज’ होता. २०२५ च्या सुरुवातीला दिल्लीत याच लीगची पंचवीस वर्षांखालच्यांसाठी व्यावसायिक स्पर्धा झाली, सहा संघांची. त्या सहांत बंगळूर नव्हतं. वयाची अट घालून पोरांना कोर्टवर आणण्याचा विचार अगदी बरोबर आहे. पण एक स्पर्धा संपली की दुसरी केव्हा, कुठल्या नावाने, कुठल्या कोचखाली हे पोरांना ठाऊक नसेल, तर त्यांचं वय नुसतं सरत जाणार. आपल्याकडे खेळाडूला फक्त स्पर्धेपुरतं न बांधता तीन वर्षांसाठी बांधा, आणि कोचलाही तेवढीच मुदत द्या, ही मागणी खेळाडूंच्या पालकांनी आणि क्लबांनी राज्य संघटनांकडे लावून धरली पाहिजे.

आणि तोवर एक गोष्ट आपल्या हातातली आहे. मुलाला किंवा मुलीला बास्केटबॉल क्लबात घालायला जाल तेव्हा कोर्ट लाकडी आहे की सिमेंटचं, गेल्या वर्षी किती ढाली जिंकल्या, हे नंतर विचारा. आधी हे विचारा की इथला कोच किती वर्षांपासून आहे, आणि पुढची तीन वर्षं राहणार आहे का.